मडकं काय म्हणालं

बाजारात भांबुर्ड्याच्या जुड्या दिसल्या की आमच्या कर्जतमध्ये थंडी अधिकृतपणे सुरू होते. त्याआधी पहाटे कितीही गार वाटो, कपाटातून कितीही कानटोप्या निघोत, ती सगळी रंगीत तालीम. भांबुर्डा म्हणजे तसं पाहिलं तर बांधावरचं तण. एरवी त्याला कोणी विचारत नाही. पण शेतात वालाच्या शेंगा भरल्या की तो एकदम नवरदेव होतो, कारण त्याच्याशिवाय पोपटी लागत नाही. मातीच्या मडक्यात हा पाला अंथरायचा, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ, वरून पुन्हा पाला कोंबून तोंड बंद करायचं, आणि मडकं शेतात उपडं घालून भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. आत काय चाललंय ते कोणाला दिसत नाही.

परवा मी एक जुडी उचलून नाकाशी धरली आणि जरा जास्तच वेळ धरली असावी. भाजीवाली म्हणाली, "वास फुकट संपवू नका, घेऊन जा." घेऊन आले. पिशवी ओट्यावर ठेवतेय तोवर आतल्या खोलीतून प्रश्न आला, "भांबुर्डा?"

"हो."

तो एक शब्द ऐकला आणि मी हातातला कांदा खाली ठेवून दोन-तीन वर्षांपूर्वीच्या थंडीत जाऊन बसले.

आत होता तो मिहिर, माझा मुलगा. तिशीला टेकलाय. कॉलेजात असताना त्याला आवाज ऐकू यायला लागले. समोर कोणी नसताना कोणीतरी बोलायचं, हिणवायचं, हुकूम सोडायचं. आजाराचं लांबलचक नाव डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं. ते मी पाठ केलं, कारण पाठांतर ही माझी जुनी हौस. गणपतीतल्या नाटकांत मी अख्ख्या अंकाचे संवाद, स्वतःचे आणि दुसऱ्यांचेही, पाठ करून उभी राहत असे. पण या नाटकात मला संवादच नव्हते. नाही म्हणायला एक होता. मिहिर बोलता बोलता थांबायचा, माझ्याकडे वळायचा आणि विचारायचा, "ऐकलंस?" आणि मी म्हणायचं, "नाही." ही पद्धत त्याचीच. आपल्याला जे ऐकू आलं ते आईलाही आलं का, एवढंच त्याला हवं असायचं. कधी मांजर असे, कधी कडी वाजलेली असे, तेव्हा मी "हो" म्हणे. पण माणसासारखं बोललेलं काही असलं की माझं उत्तर ठरलेलं. "नाही."

हे "नाही" म्हणणं वाटतं तितकं सोपं नसतं. दर वेळी त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी विझायचं.

गोळ्या चालू होत्या, त्यांनी तो स्थिरावला होता आणि जाडही झाला होता. पनवेलला डॉक्टरांकडे जाणं सोडलं तर घराबाहेर पडत नव्हता. त्याच डॉक्टरांनी एकदा मला विचारलं, तुम्ही शेवटचं फिरायला कधी गेला होतात? मी आठवायला लागले. डोळ्यांसमोर आली ती फक्त दवाखान्याबाहेरची बाकडी.

तेव्हापासून गुरुवार माझा. त्या दिवशी मिहिरजवळ सर थांबतात. सर म्हणजे माझा नवरा. गणिताचे शिक्षक होते, सगळं गाव त्यांना सर म्हणतं म्हणून मीही म्हणते. लांब कुठे जायची सोय नव्हती, कारण संध्याकाळची गोळी मी समोर असले की विनातक्रार जाते. मग मी ठरवलं की परदेश जवळच शोधायचा. सकाळी नाक्यावर जायचं, जी गाडी आधी भरेल तिच्यात बसायचं आणि ती जिथे संपेल तिथे उतरायचं.

अहाहा, काय काय पाहिलं मी. रसायनीला गेले. पाताळगंगेच्या काठाने चालताना कारखान्यांचा वास असा अंगावर येतो की वाटतं, कोणीतरी अख्खी प्रयोगशाळा उकळत ठेवून सुट्टीवर गेलंय. आणि त्याच वासात एक बाई अंगणात शांतपणे शेवया वाळवत होती. शिळफाट्याला एका टपरीवर बसून नुसते ट्रक पाहिले. कुठल्या कुठल्या राज्यांच्या पाट्या, आणि सगळ्यांना एकाच चहाची तल्लफ. खालापूरला तहसील कचेरीच्या बाहेर झाडाखाली बसले. तिथे माणसं अशी वाट पाहत असतात की कुठल्याही थिएटरात एवढी शांतता मिळणार नाही.

आणि जीपमध्ये मी दर खेपेला वेगळी. कोणी विचारलं, कुठं चाललात ताई, की माझ्या अंगात यायचं. एकदा मी भाचीसाठी स्थळ बघायला निघालेली मावशी झाले. एकदा जमीन घ्यायला आले असं म्हटलं, तर कशेळ्यापर्यंत तिघांनी मला आपापली जमीन दाखवली आणि मी प्रत्येकीत काहीतरी खोट काढली. फार मजा. उतरताना वाटायचं, टाळ्या का वाजत नाहीत?

समोरच्या वहिनींनी मात्र एकदा अडवलंच. फिरायला जाता म्हणे, मग मिहिरचं काय? मी म्हटलं, तो घरीच असतो, पळून मी जाते. त्या हसल्या नाहीत. मीही फाटकाची कडी लावताना फारशी हसत नव्हते.

परत आले की मिहिरसमोर प्रयोग. त्याच्या डोक्यातल्या मंडळींचा मला राग होता. दिवसभर त्याच्या कानाशी बसतात, आणि बोलतात काय तर तेच तेच, कसला म्हणून वकूब नाही. त्यांच्यापेक्षा रंगतदार माणसं मी बाहेरून आणीन आणि त्याच्यासमोर उभी करीन, अशी माझी ईर्षा. खालापूरचा एक म्हातारा मी असा उभा केला की तो कचेरीत साक्षीदार म्हणून कोंबडा घेऊन आला होता. नक्कल केली, कोंबडा आरवून दाखवला. सर हसले. मिहिर मात्र माझ्याकडे टक लावून बघत राहिला.

"खरंच कोंबडा होता?"

"होता की." मग त्या नजरेपुढे मी जरा सरकले. "म्हणजे, होता दुसऱ्याच एका बाईच्या पिशवीत. मी आपलं थोडं मीठ घातलं."

तो म्हणाला, "आई, माझ्याकडे नसलेलं आधीच पुष्कळ आहे. तू त्यात भर घालू नकोस."

आवाज चढवला नव्हता. पण त्या दिवसापासून माझ्या गोष्टींतलं मीठ बंद. नक्कल चालेल, हातवारे चालतील, पण जे होतं तेच सांगायचं. माझ्यासारख्या बाईला हे पथ्य म्हणजे काय ते तुम्हाला कसं कळणार? पहिले दोन-तीन गुरुवार तर मला वाटलं, आता सांगण्यासारखं काही उरलंच नाही. मग हळूहळू एक गंमत ध्यानात आली. रचायचं नाही म्हटल्यावर नीट बघावं लागतं. पूर्वी मी जीपमध्ये बसल्या बसल्या घरी काय सांगायचं ते जुळवत असे, आणि खिडकीबाहेरचं निम्मं तसंच निघून जाई. आता मी शेवयावाल्या बाईच्या पाटावर कुठला रंग होता तेही बघायला लागले. कारण मिहिर विचारायचा. आणि मी सांगितलेलं त्याला खरं वाटलं की तो हलकासा पुढे सरकून बसायचा. त्या सरकण्यासाठी मी कुठेही जायला तयार होते.

त्या थंडीत एकदा परतायला उशीर झाला आणि अंधार पडता पडता कशेळ्याच्या पुढच्या रस्त्यावर आमच्या जीपचं चाक बसलं. ड्रायव्हर शिव्या देत स्टेपनी काढू लागला, मी उतरून बांधापाशी गेले. भात निघालेल्या शेतात वाल हिरवागार उभा होता आणि कडेला एक म्हातारी उपड्या मडक्याजवळ उकिडवी बसली होती. निखारे विझत आले होते. तिने मडक्याकडे मान नेली आणि अगदी सरळपणे, घरातल्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "झालं का रं?" मग मान डोलावली आणि राख बाजूला सारायला लागली.

आता खरं सांगते, पोपटी मी जन्मभर खात आलेय, पण ती लावणारे नेहमी दुसरे. मी पत्रावळ पुढे करणाऱ्यांतली. त्यामुळे मला काही कळेना. मी विचारलं, आजी, कोणाशी बोलत होतात?

"मडक्याला इचारत व्हते."

"मग ते काय म्हणालं?"

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "त्ये माजं नि त्याचं हाय." आणि ओंजळभर गरम शेंगा माझ्या पदरात टाकल्या. तिचं नाव हौसाबाई. चाक बदलून झालं होतं, ड्रायव्हर हाका मारत होता. जाता जाता ती म्हणाली, सांगून उपयोग नाही, ऐकायला लागतं. पुन्हा येशील तेव्हा ऐक.

घरी येऊन मी हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. चिमूटभरही मीठ नाही. आणि नेमकं हेच मिहिरला खरं वाटेना.

"म्हातारी मडक्याशी बोलते. आणि मडकं तिला उत्तर देतं."

"तिने मान डोलावली, एवढं मी पाहिलं. मडक्याचं मी ऐकलं नाही, मागे ड्रायव्हर चाक ठोकत होता."

"तिला कोणी गोळ्या देत नाही का?"

सरांनी पेपर खाली केला. मिहिर विनोद करत नव्हता. खरोखर चौकशी करत होता, जशी एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्या पावसापाण्याची करतो. पुढचे काही दिवस मधूनच तो विचारायचा. मडकं मोठं होतं का? तिला भीती वाटत नव्हती? विचारल्यावरच उत्तर येतं, की न विचारताही? आणि एका सकाळी दात घासता घासता म्हणाला, "मला ऐकायचंय."

माझा आनंद आणि माझी घाबरगुंडी दोघं एकदमच दारात आली आणि दोघांनाही आत यायला जागा नव्हती. तो स्वतःहून बाहेर निघत होता. पण मडकं गप्प बसलं तर? माझा शब्द गेला. आणि माझा शब्द गेला तर उद्या "ऐकलंस?" असं तो कोणाला विचारणार? शिवाय भरल्या जीपमध्ये त्याला काही झालं तर, हे आणखी वेगळं. सर म्हणाले, नको. संध्याकाळी म्हणाले, जा. रात्री मिहिरसाठी मफलर काढून ठेवला.

हौसाबाईचा फोन नंबर मिळवला तो त्या जीपच्या ड्रायव्हरकडून. पोपटी लावतात संध्याकाळी, अंधार पडताना. पण आम्हाला गोळीच्या वेळेला परत यायचं होतं, म्हणून मी दुपारी लावाल का असं विचारलं. तिकडून आलं, "दुपारची पोपटी? या. बघू."

जीपमध्ये मिहिर खिडकीशी, कानात इयरफोन, टोपी भुवयांपर्यंत. शेजारी केळ्यांचा घड मांडीवर घेतलेले एक काका. मी मनात म्हटलं, आता ते विचारणार. त्यांनी विचारलंच, "मुलगा काय करतो?"

मी कोणतीही भूमिका करायला तयार होते. मिहिर परदेशात असतो, सुट्टीवर आलाय, सरकारी परीक्षा देतोय. सगळे संवाद जिभेवर. तेवढ्यात मिहिरने इयरफोन काढला.

"मी आजारी असतो. डोक्यात आवाज येतात."

काकांनी घड एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला.

"औशिद घेतोस ना येळेवर?"

"हो."

"माजं शुगरचं रोज ऱ्हातं बग," ते म्हणाले, आणि कशेळे येईपर्यंत त्यांनी आम्हाला आपल्या शुगरचा साद्यंत इतिहास ऐकवला. मिहिरने इयरफोन पुन्हा घातला नाही.

शेतात हौसाबाई आणि तिची सून सुनंदा वाट पाहत होत्या. सुनंदा पहिल्यापासून हसत होती. दुपारची पोपटी म्हणजे तिच्या मते दिवसा लावलेली दिवाळी. हौसाबाईने तिच्याकडे लक्ष न देता मिहिरच्या हातात पाल्याचा भारा दिला. "कोंब रं पोरा, चांगला दाबून. वाफ भायेर जायाला नको." तो गुडघ्यांवर बसला आणि मडक्याच्या तोंडात भांबुर्डा कोंबायला लागला. हाताला तो वास लागला, तो त्याने हुंगला, पुन्हा हुंगला. मडकं उपडं झालं, पेंढा रचला, जाळ झाला. भर उन्हात जाळ दिसेना, नुसती हवा थरथरताना दिसे. पलीकडचे डोंगर त्या हवेत हलत होते. मिहिर मडक्यावरची नजर काढत नव्हता. मी घड्याळाकडे बघत होते, आणि हौसाबाई मी घड्याळाकडे बघतेय हे बघत होती.

शेवटी ती उठली. मान खाली नेली. "झालं का रं?"

आणि लोट्यातलं पाणी ओंजळीत घेऊन मडक्याच्या पाठीवर शिंपडलं.

च्युर्रर्र.

केवढ्यानं बोललं ते. लांब, ठसक्यात, जसं कोणी चिडून "हो म्हटलं ना" म्हणावं तसं. मिहिर गर्रकन माझ्याकडे वळला.

"ऐकलंस?"

एवढ्या वर्षांत, कोणी बोललेल्यावर 'हो' म्हणायचा हा संवाद मला कधी मिळाला नव्हता. मी गणपतीतल्या नाटकांत मेलेय, वेडी झालेय, राणी झालेय, पण एका शब्दाची अशी वाट मी कधी पाहिली नव्हती.

"ऐकलं," मी म्हटलं.

त्याला ते पुरलं नाही. तो सुनंदाकडे वळला. "तुम्ही?"

"मंग? भयरी हाय का मी?"

मिहिरने मडक्याकडे असं पाहिलं की काय सांगू. ओळख पटल्यासारखं. हौसाबाईने राख सारली, काठीने मडकं कलतं केलं, सुनंदाने पाला ओढला. वाफेचा एक मोठा भपका आला, आम्ही सगळे पुढे वाकलो, आणि एक अंडं घरंगळत बाहेर येऊन सुनंदाच्या पायावर फुटलं. पातळ. पिवळं. पार कच्चं. शेंगाही हिरव्या, बटाट्यात नख जाईना. आणि एकदा तोंड उघडलेलं मडकं पुन्हा लागत नाही. वाफ गेली ती गेली.

सुनंदा एक पाय वर धरून उभी. मग मिहिर सावकाश म्हणाला, "म्हणजे आवाज सगळ्यांना आला. तरी खोटा होता."

हौसाबाईने मडक्याला काठी टोचली. "नवं हाय ह्ये. मागचं फुटलं. ह्याला आजून अक्कल नाय."

"मंग त्याचं आयकलंत कशाला?" सुनंदा म्हणाली.

"तुला काय सांगू? उनात जाळ दिसंना. आन् ही बाय सारखी घड्याळ बगत व्हती."

आणि मिहिर हसायला लागला. आधी खांदे, मग पोट, मग तो चक्क बांधावर बसला. मी घाबरले. कारण मधल्या काळात मी त्याचं हसणं ऐकलं होतं, ते एकट्याचं, भिंतीकडे बघून, कोणाच्या तरी बोलण्यावर. त्याच्याशी माझी जुनी ओळख. मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते सुनंदाच्या पायाकडे होते. सुनंदाही त्याच पायाकडे बघून हसत होती. हौसाबाई मडक्याकडे बघून हसत होती. तिघांचं हसणं एकाच गोष्टीवर होतं. हे कळलं तेव्हा मीही हसले, आणि मग थांबणं मलाच जड गेलं.

अर्धे कच्चे वाल हौसाबाईने आमच्या पिशवीत भरून दिले. घरी आमटी करा म्हणाली, आणि पुढच्या वेळी घड्याळ घरी ठेवून या.

परतीच्या जीपमध्ये ऊन उतरलं होतं. मिहिरच्या अंगाला धुराचा आणि पाल्याचा वास. कर्जत जवळ आलं तसा तो ताठ झाला, मान थोडी वाकडी केली. मला ते दिसतं, लगेच दिसतं.

"ऐकलंस?"

"नाही."

मी त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. जरा वेळाने तो म्हणाला, "नवं मडकं असेल. अक्कल नाही अजून." आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

तर अशी ती थंडी. त्यानंतर सगळं गोड झालं असं सांगायचा मोह होतो, पण मीठ बंद आहे. मधला एक पावसाळा वाईट गेला, दवाखान्याबाहेरच्या बाकड्यांशी माझी पुन्हा भेट झाली. मिहिर पुढे कधी माझ्याबरोबर आला, बऱ्याचदा नाही आला. सरांना आता वालाची आमटी जमते. मी गुरुवारी जातेच. फाटकाची कडी मात्र अजून हळूच लावते.

या गुरुवारी हौसाबाईकडे जायचं ठरलं होतं, दोघांनी. भांबुर्डा त्यासाठीच. पण बुधवारची रात्र त्याने जागून काढली. सकाळी तो पलंगावर भिंतीला टेकून बसला होता, डोळे सुजलेले. मी पिशवी खाली ठेवली आणि म्हटलं, नाही जात. सरांनाही तेच बरं वाटलं असावं.

"जा तू," मिहिर म्हणाला. "ते मडकं आता जुनं झालं असेल. बघून ये, सुधारलंय का."

मी चपला घातल्या, पुन्हा काढल्या, पुन्हा घातल्या. हा प्रवेश मी वाईटच करते. शेवटी दार उघडलं तर मागून त्याचा आवाज आला, जरा जड, गोळीने ओढलेला.

"आई, येऊन सांगताना थोडं मीठ घातलंस तरी चालेल."

मी वळले.

"मी ओळखीन," तो म्हणाला.